‘आजी शांत झोपल्यात’: बेड नंबर नऊचं प्रकरण

शस्त्रक्रियेनंतरच्या तिसऱ्या रात्री ओव्हर देताना, म्हणजे पाळी बदलताना रुग्ण पुढच्या सिस्टरकडे सोपवताना, आजींबद्दल एकच वाक्य सांगितलं गेलं: "नऊ नंबर, आजी शांत झोपल्यात, तक्रार काही नाही." ओव्हर घेणाऱ्या सिस्टरने मान डोलावली आणि त्या पुढच्या बेडकडे वळल्या. पाच सेकंदांचं काम. त्या पाच सेकंदांत काय सुटलं आणि ते परत हाती यायला किती वेळ गेला, त्याचं हे प्रकरण.

मी परिचारिकांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात क्लिनिकल मार्गदर्शक आहे. प्रौढ आणि वृद्ध रुग्णांची प्रकृती अचानक बिघडते तेव्हाची काळजी, हा आमचा विषय. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील मी काढून टाकले आहेत. ज्या विद्यार्थिनीभोवती हे प्रकरण फिरतं तिने हा मजकूर वाचला आहे आणि दोन ठिकाणी मला दुरुस्तही केलं आहे. तिला मी इथे नुसतं विद्यार्थिनी म्हणते, पण ती नवखी नव्हती. प्रवेश घेतला तेव्हा तिच्या पाठीशी आय.सी.यू.तली ९ वर्षं होती. कोपऱ्यातला कुठला व्हेंटिलेटर कशासाठी वाजतोय हे ती पाठमोरी असताना सांगायची. तिचं चुकलं ते कामाची सवय नव्हती म्हणून नव्हे. सवय पक्की होती, म्हणूनच चुकलं. हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते त्यासाठी.

रुग्ण

वय ८१, वजन ४६ किलो. घरात पाय घसरून पडल्या, डाव्या खुब्याचं हाड मोडलं, दुसऱ्या दिवशी अर्धा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली. जुना रक्तदाब, जुना मधुमेह. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, दिवसातून दोनदा. मेटफॉर्मिन शस्त्रक्रियेपासून बंद. कानाला यंत्र, डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा. बोलक्या बाई, पहिल्या दिवशी राउंडवर आलेल्या प्रत्येकाला त्यांनी नाव-गाव विचारलं होतं.

वेदनेसाठी ट्रामाडॉल हे अफूवर्गीय औषध, ५० मिलिग्रॅम दर आठ तासांनी. आदल्या रात्री अंगाला खाज येते म्हणाल्या म्हणून फेनिरामिनचं एक इंजेक्शन. लघवीचं कॅथेटर शस्त्रक्रियेच्या वेळी घातलेलं, ते तसंच. ते अजून का आहे, हा प्रश्न तोवर कोणीच विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. शस्त्रक्रियेआधीचं क्रिएटिनिन १.१. लॅबच्या कागदावर त्या आकड्यापुढे कुठलीही खूण नव्हती, म्हणजे नॉर्मल.

या १.१ वर थोडं थांबते. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. ज्यांचे स्नायूच झिजलेले आहेत त्यांची किडनी निम्म्याने काम करत असली तरी रक्तातला आकडा साळसूद दिसतो. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं १९७६ मधलं सूत्र अजून उपयोगी पडतं: १४० मधून वय वजा करायचं, वजनाने गुणायचं, ७२ गुणिले क्रिएटिनिन याने भागायचं, स्त्री असेल तर ०.८५ ने गुणायचं. आजींच्या किडनीचं गाळण्याचं काम येतं मिनिटाला सुमारे २९ मिलिलिटर. ३० च्या खाली ट्रामाडॉलच्या साध्या गोळीचे दोन डोस बारा तासांच्या अंतराने द्यायचे असतात. आजींना आठ तासांनी मिळत होतं. हे गणित विद्यार्थिनीने सहा आठवड्यांपूर्वी औषधशास्त्राच्या पेपरात अचूक सोडवलं होतं. बेडपाशी ते तिला सुचलं नाही, कारण बेडपाशी कोणी ते विचारलं नव्हतं.

पहिला फोन

रात्री दहाची नोंद अशी: तापमान ९९.४, पल्स ८८, बी.पी. ११८/७०, श्वास १८, सॅच्युरेशन ऑक्सिजनशिवाय ९४ टक्के. शुद्धीच्या रकान्यात 'सावध'.

सव्वादहाला विद्यार्थिनी आजींपाशी गेली, हाक मारली. आजींनी डोळे उघडले, 'हं' म्हणाल्या, पुन्हा मिटले. तिला काहीतरी खटकलं, हे तिचं श्रेय. तिने ड्यूटीवरच्या रेसिडेंट डॉक्टरांना फोन लावला.

"मॅडम, नऊ नंबरच्या आजी जरा सुस्त वाटतायत. व्हायटल्स स्टेबल आहेत. आठला ट्रामाडॉल दिलंय."

"त्याचीच गुंगी असेल. पुढचा डोस थांबवा, लक्ष ठेवा."

फोन ठेवला, केसपेपरवर 'डॉक्टरांना कळवलं' अशी वेळेसह नोंद झाली. त्या रेसिडेंटला मी दोष देत नाही. त्या वेळी त्या दुसऱ्या मजल्यावर एका रुग्णाच्या छातीत नळी घालण्याच्या तयारीत होत्या. 'स्टेबल' आणि 'ट्रामाडॉल' हे दोन शब्द एका दमात कानावर पडल्यावर त्यांनी दुसरं काय म्हणायचं? उत्तर प्रश्नातच घालून दिलं होतं.

आणखी एक माणूस तिथे होतं, त्याचं कोणी ऐकलं नव्हतं. आजींची मुलगी. ती संध्याकाळपासून सांगत होती, "आई दुपारपासून माझ्याशी बोललीच नाही हो. ती अशी गप्प बसणारी नाही." तिला सांगितलं गेलं की ऑपरेशनचा थकवा आहे, झोपू द्या. सगळ्यांनी प्रेमानेच सांगितलं.

वातात बरळणारा रुग्ण अख्ख्या वॉर्डाला माहीत असतो. तो ड्रिप ओढतो, शिव्या देतो, त्याच्यासाठी तीन माणसं धावतात. वातात गप्प झालेला मात्र कोणाच्या डोळ्यांत येत नाही. उलट त्या रात्रीपुरता तो सगळ्यांत सोयीचा रुग्ण असतो. डिलिरियमचा, म्हणजे आजारपणात अचानक होणाऱ्या गोंधळाचा, हा मुका प्रकार म्हाताऱ्या माणसांत जास्त आढळतो, आणि नेमका तोच निसटतो.

एक मिनिट

मी वॉर्डात पोचले तेव्हा अकराला दहा कमी होती.

"नऊ नंबरचं काय?"

"डॉक्टरांना कळवलंय, मॅडम."

"ठीक. तुला काय वाटतं?"

तिने चार्ट उघडला. "बी.पी. एकशे अठरा…"

"चार्ट राहू दे. तुला काय वाटतं, आजींना काय झालंय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तो चेहरा मला चांगला ओळखीचा आहे, कारण दर बॅचला तो एकदा तरी दिसतो. अनुभवी, हुशार, रुग्णासाठी जीव टाकणाऱ्या मुलीचा चेहरा, जिला नोकरीच्या इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. काय दिसलं ते सांग, कोणाला कळवलंस ते सांग, ऑर्डर काय आहे ते सांग, एवढंच आपण तिला विचारत आलेलो असतो.

मग आम्ही दोघींनी चार्ट परत पाहिला, या खेपेला आडव्या रांगेत. श्वासाच्या रकान्यात पाच नोंदी होत्या: १८, १८, १८, १८, १८. चार वेगवेगळ्या हातांची अक्षरं. संध्याकाळच्या फेरीत मी स्वतः हाच कागद बघून गेले होते आणि मला ते टोचलं नव्हतं. हे मी तिला तिथेच सांगितलं. माझ्याही डोळ्यांना त्या अठराची सवय झाली होती.

"मोजू या," मी म्हटलं. तिने आजींचं मनगट हातात धरलं, पल्स बघतोय असं दिसावं म्हणून; श्वास मोजतायत हे कळलं की माणूस तो नकळत बदलतो. घड्याळाचा काटा बारावर यायची वाट पाहिली. आजींच्या छातीवर चादरीला एक आडवी सुरकुती पडली होती, ती वर-खाली होत होती. सुरकुतीवर नजर ठेवून पूर्ण साठ सेकंद. त्या साठ सेकंदांत, माणूस एका जागी उभं राहिलं की दिसतात त्या गोष्टी दिसल्या. आजींचा उजवा हात स्थिर नव्हता. अंगठा आणि तर्जनी चादरीची किनार चिमटीत धरून चोळत होती, सोडत होती, पुन्हा शोधत होती. कानात यंत्र नव्हतं. ते शस्त्रक्रियेच्या दिवशी काढून कपाटाच्या खणात ठेवलेलं, चष्म्याशेजारी, एका रुमालात. तीन दिवस या बाई अर्धवट ऐकत आणि धूसर बघत पडून होत्या.

श्वास २४.

विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "मग गुंगी नाही ही." बरोबर होतं. अफूवर्गीय औषधाची गुंगी असेल तर श्वास मंदावतो. १८ हा आकडा खरा धरला तर ट्रामाडॉलचा अंदाज तग धरून होता. २४ ने तो कोसळला. अशा गुंगीत डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात, त्याही आकसलेल्या नव्हत्या. एका आकड्यावर निदानाची दिशा बदलली. तो आकडा मिळवायला यंत्र लागलं नाही, प्रयोगशाळा लागली नाही. एक मिनिट लागलं.

पुढची दहा मिनिटं तिने ज्या वेगाने काम केलं तिथे मला ती ९ वर्षं दिसली. आधी साखर: १६४, म्हणजे कमी साखरेचा प्रश्न मिटला. बी.पी. परत घेतलं: १०८/६४. कानात यंत्र घातलं, चष्मा लावला, मग फोर-ए-टी ही डिलिरियमची छोटी चाचणी. आजींनी वय बरोबर सांगितलं, जन्मतारीख सांगितली, आपण कुठे आहोत ते चुकलं, साल चुकलं. महिने उलटे म्हणायला सांगितले तर "डिसेंबर… नोव्हेंबर…" आणि मग डोळे मिटले. सुस्तीचे ४, चुकांचे २, अर्धवट राहिलेल्या महिन्यांचा १, दुपारपासून अचानक पडलेल्या फरकाचे ४. बारापैकी अकरा, चार किंवा जास्त आले तरी डिलिरियम धरून चालायचं असतं. शेवटचे चार गुण मुलीच्या वाक्यावरून मिळाले, जे संध्याकाळपासून हवेत होतं.

युरोबॅगमध्ये, म्हणजे लघवीच्या पिशवीत, चार तासांत ७० मिलिलिटर, गढूळ.

आता न्यूज-२ चा हिशोब. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये काढलेल्या धोक्याच्या स्कोअरची ही २०१७ ची आवृत्ती. तीत नव्याने उद्भवलेल्या गोंधळाला थेट ३ गुण आले. दहाच्या नोंदीवरून आजींचा स्कोअर होता १, तोही फक्त सॅच्युरेशनचा. अकराला: सॅच्युरेशन ९४ चा तोच १, श्वास २४ चे २, बी.पी. १०८ चा १, गोंधळाचे ३. एकूण ७. सात म्हणजे तातडीची हाक. त्या तासाभरात बी.पी. दहाने उतरलं हे खरं, पण बाकीचे पाच गुण दहा वाजताही आजींच्या अंगात होतेच. कागदावर नव्हते.

जे आकडे 'ठीक' दिसत होते ते का फसवे होते, हे तिने बेडपाशी उभ्या उभ्या मला सांगितलं, आणि त्या रात्रीचा सगळ्यात समाधानाचा क्षण माझ्यासाठी तो होता. पल्स ८८, कारण मेटोप्रोलॉल हृदयाला धावू देत नाही. औषध नसतं तरी ऐंशी वर्षांचं हृदय विशीतल्यासारखं उसळत नाही. बी.पी. १०८, पण एरवी दीडशे असलेल्या बाईचं १०८ म्हणजे चाळिसाहून जास्त घसरण. सेप्सिसच्या, म्हणजे संसर्गामुळे अवयव बिघडू लागण्याच्या, जुन्या व्याख्यांत एवढी घसरण कमी रक्तदाब म्हणूनच धरली जायची. तापमान ९९.४, पण दोन्ही सकाळी ते ९७.२ होतं. गंभीर संसर्ग असूनही वीस ते तीस टक्के वृद्धांत ताप येतच नाही किंवा जेमतेम येतो. म्हणून दीर्घकाळ निवासी काळजीत असलेल्या वृद्धांसाठीच्या निकषांत रुग्णाच्या नेहमीच्या तापमानापेक्षा दोन अंश फॅरेनहाइटहून जास्त वाढ हाही ताप मानला आहे. आजींची वाढ २.२.

दुसरा फोन

"मॅडम, नऊ नंबरच्या आजी, वय ८१, खुब्याच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस. मला सेप्सिसची शंका आहे, बहुधा कॅथेटरमधून. फुप्फुसात गुठळी नाही असं मी आत्ता म्हणू शकत नाही. श्वास २४, पूर्ण मिनिट मोजलाय. बी.पी. १०८, एरवी १५०. पल्स ८८ पण मेटोप्रोलॉल चालू आहे. दुपारपासून नवीन गोंधळ, मुलीने सांगितलंय. साखर १६४. न्यूज ७. तुम्ही आत्ता येऊन बघावं असं मला वाटतं. तोवर ब्लड कल्चर, लॅक्टेट आणि ई.सी.जी. काढून ठेवते, चालेल?"

"काढा. आलेच."

सहा मिनिटांत त्या आल्या. त्याच डॉक्टर, तोच रुग्ण, तीच सिस्टर. पहिल्या फोनमध्ये तिने बातमी दिली होती; दुसऱ्यात मत दिलं, त्या मताची कारणं दिली आणि ते कुठे चुकू शकतं हेही सांगितलं. एसबार पद्धत ती पहिल्या वर्षापासून वापरत होती: परिस्थिती, पूर्वपीठिका, अंदाज, शिफारस. पण आजवर तिच्या तोंडी पहिली दोन अक्षरंच असायची. अंदाज आणि शिफारस ही डॉक्टरांची जागा आहे असं समजून ती रिकामी सोडायची. नर्सिंगच्या शिक्षणात हा संकोच आपण फार लवकर आणि फार पक्का रुजवतो. तो काढायला पदव्युत्तर अभ्यासक्रमाची दोन वर्षंही अपुरी पडतात, असं माझं प्रामाणिक मत आहे.

पुढचं थोडक्यात. लॅक्टेट २.८, म्हणजे वाढलेलं. ई.सी.जी. आणि छातीचा एक्स-रे यांत गुठळी किंवा न्यूमोनियाकडे बोट दाखवणारं काही निघालं नाही. लघवीचा नमुना बॅगेतून घ्यायला एक सिस्टर निघाल्या होत्या. विद्यार्थिनीने त्यांना थांबवलं, नळीवरचा पोर्ट पुसून तिथून घेतला, कारण बॅगेत साठलेल्या लघवीत काय वाढलंय याचा आजींशी फारसा संबंध नसतो. कल्चर गेल्यावर अँटिबायोटिक, पहिला डोस पूर्ण, पुढचे किडनीच्या हिशोबाने; औषधाची निवड आणि ऑर्डर डॉक्टरांची. बाराला दहा कमी असताना तो डोस लागला. सलाइन २५० मिलिलिटरच्या टप्प्यांत, आणि प्रत्येक टप्प्यानंतर विद्यार्थिनी पाठीला स्टेथोस्कोप लावून फुप्फुसांचा तळ ऐकायची. चार टप्पे लागले. दोनच्या सुमाराला बी.पी. १२२. आजींना जास्त देखरेखीच्या कक्षात हलवलं. दोन दिवसांनी कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, ई. कोलाय हा जंतू आला, रक्तात आणि लघवीतही.

पहाटे चार वाजता

प्रकरण इथे संपवण्याचा मोह होतो. पण त्या रात्रीचा दुसरा धडा यानंतरचा होता आणि मला तो पहिल्याहून अवघड वाटतो.

चारच्या सुमाराला आजी जाग्या झाल्या आणि ड्रिप ओढायला लागल्या. मुका डिलिरियम बोलका झाला. "मला जाऊ द्या, दार उघडा," एवढंच पुन्हा पुन्हा. कक्षातल्या सिस्टर म्हणाल्या, "हात बांधू का? नाहीतर लाइन जाईल." एक इंजेक्शन देऊन झोपवावं असाही विषय निघाला.

विद्यार्थिनीने नंतर मला सांगितलं की तिचा हात पट्टीकडे गेला होता. तिच्या आय.सी.यू.त नऊ वर्षं हात बांधणं हे बी.पी. घेण्याइतकं नेहमीचं काम होतं, आणि ते रुग्णाच्या सुरक्षिततेसाठीच आहे असं ती मनापासून मानत आली होती. बांधल्याने गोंधळ वाढतो, पडणं-लागणं थांबतंच असं नाही, आणि डिलिरियममध्ये झोपेचं औषध हा उपचार नव्हे, हे सगळं तिने त्याच सत्रात वाचलं होतं. वाचलेलं एकीकडे आणि हाताला लागलेलं वळण दुसरीकडे. तिने पट्टी खाली ठेवली. बाहेर बाकावर बसलेल्या मुलीला आत बोलावलं, स्टूल दिलं, आईचा हात तिच्या हातात दिला. ड्रिपच्या नळीवर बाहीची कड ओढली, म्हणजे ती डोळ्यांसमोर राहणार नाही. डोक्यावरचा पांढरा दिवा घालवून कोपऱ्यातला लावला. कानातलं यंत्र परत तपासलं. बॅटरी संपत आली होती, ती बदलली. मग आजींच्या समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून म्हणाली, "आजी, तुम्ही दवाखान्यात आहात. पाय मोडला होता, ऑपरेशन झालं. ही बघा तुमची मुलगी."

पंचवीस मिनिटं लागली. लाइन राहिली. मी घड्याळ बघून लिहिते आहे, कारण 'वेळ नसतो' हे कारण मला खोटं वाटत नाही. पंचवीस मिनिटं खरोखरच लागतात. त्या कक्षात दोन रुग्णांमागे एक सिस्टर होती म्हणून ती मिळाली.

सकाळच्या राउंडमध्ये तिने तीन गोष्टी मांडल्या. फेनिरामिन बंद: पहिल्या पिढीची ही अँटिहिस्टामाइन औषधं वृद्धांनी शक्यतो टाळावीत, असं बिअर्स निकष सांगतात, मार्क बिअर्स यांनी ते १९९१ मध्ये मांडले आणि अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीने २०२३ मध्येही ते अद्ययावत केले. ट्रामाडॉलऐवजी ठरलेल्या वेळी पॅरासिटामॉल आणि दुखणं तरी उरलं तर नसेचा ब्लॉक. कॅथेटर, जे रात्रीच बदललं होतं, ते दोन दिवसांत काढायचं. तिन्ही मान्य झाल्या. गोंधळ पूर्ण निवळायला पाच दिवस लागले. बाराव्या दिवशी आजी वॉकर धरून चालत घरी गेल्या.

प्रशिक्षणाबद्दल

अमेरिकेत १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचं, म्हणजे रुग्ण तपासून निदान-उपचार ठरवणाऱ्या परिचारिकेचं, पहिलं प्रशिक्षण सुरू केलं, ते मुलांच्या आरोग्यासाठी होतं. तातडीच्या काळजीची शाखा पुष्कळ नंतरची. २००८ च्या तिथल्या आराखड्याने प्रौढ आणि वृद्ध या दोन गटांची मिळून एक शाखा केली, तिच्यात प्राथमिक आणि तातडीची काळजी वेगळी ठेवली. विकृतिशास्त्र, शारीरिक तपासणी आणि औषधशास्त्र हे तीन विषय प्रगत पातळीवर स्वतंत्रपणे शिकवायचे, हा पाया तिथलाच. २०२२ च्या मानकांनी रुग्णासोबतच्या प्रत्यक्ष कामाचे किमान ७५० तास ठरवले.

प्रौढ आणि वृद्ध एकत्र आणण्यामागचं कारण मला पटतं. रुग्णालयात दाखल होणारा प्रौढ बहुतेक वेळा वृद्धच असतो, तेव्हा त्याच्याकडे बघायला प्रत्येकीला यायलाच हवं. पण शिकवताना एक धोका रोज दिसतो. पाठ प्रौढाचा असतो आणि शेवटी एक परिच्छेद वृद्धांचा, 'विशेष बाबी' या मथळ्याखाली. मग विद्यार्थिनीच्या मनात म्हातारा माणूस म्हणजे वय वाढलेला प्रौढ, एवढंच चित्र उरतं. आजींचा प्रत्येक आकडा चाळीस वर्षांच्या माणसाच्या मापाने ठीक होता. आम्ही आता क्रम उलटा केला आहे: सेप्सिस शिकवायचा तो ऐंशी वर्षांच्या रुग्णापासून, ज्याला ताप नाही, धडधड नाही, फक्त तो गप्प झालाय.

दुसरी गोष्ट अनुभवाबद्दल. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये परिचारिकेचे नवशिकी ते निष्णात असे पाच टप्पे मांडले. नवीन भूमिकेत आलेली निष्णात परिचारिका पुन्हा नवशिकी होते, आणि ते फार बोचतं. माझी विद्यार्थिनी त्या रात्रीनंतर दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मॅडम, तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, तुला काय वाटतं म्हणून. मला काहीच वाटत नव्हतं, याची लाज वाटली." सगळ्यांसमोर विचारायला नको होतं, हे मी मान्य केलं. आता तो प्रश्न मी बेडपासून चार पावलं बाजूला घेऊन विचारते.

आणि हो, प्रश्न विचारायला औषध लिहिण्याचा अधिकार लागत नाही. तो अधिकार कुठे आहे, कुठे नाही, देशागणिक नियम वेगळे. काही विद्यार्थिनी म्हणतात, जो निर्णय आमच्या हातात नाही तो घ्यायला शिकून काय उपयोग? त्या रात्री ऑर्डर एकही तिची नव्हती. तरी डॉक्टर सहा मिनिटांत आल्या त्या तिच्या मतामुळे. सही करण्याचा हक्क असो वा नसो, प्रत्येक रुग्णाबद्दल आपलं एक मत हवं, आणि ते चूक ठरलं तर कशावरून कळेल हेही ठरलेलं हवं.

तिच्या मूल्यमापनात मी पहिल्या फोनपुढे 'अपुरं' आणि दुसऱ्यापुढे 'स्वतंत्रपणे सक्षम' असं लिहिलं. मधल्या वेळेचं काय, यावर आमची बरीच चर्चा झाली. सव्वादहा ते अकरा, ही पाऊण तासाची जागा मी रिकामी सोडलेली नाही. तिथे दोघींची नावं आहेत, तिचं आणि माझं.

त्यानंतर आम्ही लॉगबुकात एक ओळ वाढवली. फोन करण्याआधी विद्यार्थिनीने तीन शक्यता लिहायच्या, सर्वांत घातक असेल ती आधी, आणि प्रत्येकीपुढे 'हे नाही असं कशावरून म्हणतेस' याचं उत्तर. पहिले काही आठवडे त्या कुरकुरतात. ओळीला वेळ लागतो दोन मिनिटं.

श्वासाच्या रकान्याचं मात्र अजून जमलेलं नाही. रात्री वॉर्डात एका सिस्टरकडे चौदा रुग्ण असतात. प्रत्येकाचा श्वास पूर्ण मिनिट मोजायचा म्हणजे दर फेरीला नुसते श्वास मोजण्यात चौदा मिनिटं, आणि ती कुठून आणायची याचं उत्तर माझ्याकडे नाही. इन्चार्ज सिस्टरांशी बोलून सध्या एवढं ठरवलंय: पासष्टच्या पुढचे सगळे, शस्त्रक्रियेनंतरचे पहिले पाच दिवस असलेले सगळे, आणि ओव्हरमध्ये ज्यांच्याबद्दल 'शांत झोपलेत' असं सांगितलं जाईल ते सगळे, यांचा श्वास मनगट हातात धरून साठ सेकंद मोजायचा आणि आकड्यापुढे 'मो' लिहायचं. गेल्या महिन्यात मी एका रात्रीचे चार्ट चाळले. बऱ्याच ठिकाणी 'मो' होतं. तीन ठिकाणी नुसतं १८ होतं. त्या तिघांचे श्वास मी जाऊन मोजले. दोघांचे सोळा-सतरा निघाले. तिसऱ्याचा बावीस होता, आणि त्याच्या बायकोला मी विचारलं, "आज बोलले का तुमच्याशी?"